इंजिनाखालचं रबर

गाडी सिग्नलला उभी आहे, गिअर न्यूट्रलला आहे, आणि तरीही गिअरची दांडी एकसारखी डुगडुगते आहे. क्लच सोडला की खालून 'ठक्‌' असा आवाज येतो. आमच्या जुन्या माझदा एमएक्स-५ला हे दुखणं जडलं, तेव्हा इथल्या, म्हणजे बर्मिंगहॅममधल्या एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच निदान केलं, 'गिअरबॉक्स गेला.' त्यानं सांगितलेला खर्च जवळपास गाडीच्या किमतीएवढा होता. घरात ती विकण्याची भाषा सुरू झाली.

ही उघड्या टपाची, दोघांपुरती छोटी स्पोर्ट्स कार. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. बनते जपानमध्ये, हिरोशिमाला. २०१६ साली दहा लाखावी गाडी तयार झाली. आमची पहिल्या पिढीतली, १६०० सीसीची.

आता मंडळी, इंजिन गाडीच्या सांगाड्याला थेट आवळलेलं नसतं. मध्ये रबराचा ठोकळा असतो. त्याला माउंटिंग म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिक त्यालाच 'फाउंडेशन' म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त आवडतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. आमची गाडी नुसती उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८५० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला २८ धक्के! ते हे रबर गिळतं. शिवाय ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन चाकांना जोर देताना स्वतः उलट बाजूला कलंडू पाहतं, त्यालाही रबरच आवरतं. उष्णता, तेलाचे थेंब आणि वय यांनी ते कडक होतं, चिरतं.

या गाडीत आणखी एक गोम आहे. तिच्या गिअरबॉक्सला स्वतःचं फाउंडेशनच नाही. गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल एका लांब ॲल्युमिनियमच्या चौकटीनं जोडलेलं आहे. पुढे इंजिनाची दोन आणि मागे डिफरन्शियलची दोन, अशा चार रबरांवर सगळा डोलारा. पुढचं रबर फाटलं की गिअरची दांडी हलणारच. गिअरबॉक्स बिचारा निर्दोष!

पारखायची रीत सोपी आहे. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, जाणत्या माणसाला आत बसवून न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटर किंचित दाबायला सांगा आणि बाजूला उभं राहून पाहा. आमचं इंजिन झोपेतून दचकल्यासारखं एका अंगावर उचललं जात होतं.

काम मी घरीच केलं. गाडी जॅकनं उचलली, पण तोलली ती भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये. त्यात जीव गेलेले आहेत. मग ऑइलच्या टाकीखाली लाकडी फळी ठेवून दुसऱ्या जॅकनं इंजिनाचा भार जेमतेम पेलला. फळी नसेल तर टाकीला पोचा पडतो. एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच तेल पाजलं होतं, तरी एकानं दीड तास घेतला. निघालेलं रबर इतकं फाटलं होतं की भेगेत नखच काय, बोट जात होतं. शर्यतवाले पॉलियुरेथेनची कडक फाउंडेशनं घालतात. त्यांनी इंजिन हलत नाही, पण थरथर थेट सीटमध्ये येते. मी साधं रबरच घेतलं.

खाली शिरलोच होतो, म्हणून टपाच्या पाण्याच्या वाटाही पाहिल्या. सीटच्या मागे दोन्ही बाजूंना भोकं असतात. ती पानांनी तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि आतून गंज धरतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याची भर वेगळी. आणखी एक: टपाची मागची खिडकी प्लॅस्टिकची असते. टप पाडण्याआधी तिची चेन उघडावी, आणि कडाक्याच्या थंडीत तर टप पाडूच नये, खिडकी तडकते.

दांडी आता शांत आहे. 'ठक्‌' मात्र अजून थोडं ऐकू येतं. ते मागच्या दोन रबरांचं. ती येत्या उन्हाळ्यात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)