ट्रामला घाबरलेली सुई

मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच उभा राहिला. ट्रामचा वीजप्रवाह जमिनीत झिरपला, की पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी सुई बिथरणार. १८४१ पासूनची नोंदींची साखळी तुटू द्यायची नव्हती. खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. बांधकाम पोरबंदरी दगडाचं, त्यात लोखंड वर्ज्य. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी झाली, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जुळवता यावेत. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली.

विजेच्या गोंगाटापासून पळालेले हे आकडे आज विजेवरच प्रवास करतात. अलिबाग ‘इंटरमॅग्नेट’ या जागतिक जाळ्यात आहे, आणि तिथे मिनिटामिनिटाची मोजमापं लागतात. वाटेत काय बिघडू शकतं? अलिबागचं क्षितिजसमांतर चुंबकक्षेत्र ढोबळमानाने ३८,००० नॅनोटेस्ला. ही संख्या सोळा बिटांत लिहिली आणि तारेतल्या खरखरीने पहिल्या १ चा ० झाला, तर पलीकडे पोचतील ५,२३२. पृथ्वी तीच, बिट मात्र एकच हललेला!

म्हणून संगणक माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेट, करतो. प्रत्येकावर अनुक्रमांक आणि आतल्या मजकुरावरून काढलेली एक पडताळणी-संख्या असते. घेणारा तोच हिशेब पुन्हा मांडतो. जुळला नाही तर पॅकेट मुकाट्याने टाकून देतो. तक्रारही करत नाही. पोचपावती आली नाही, की पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा धाडतो. रजिस्टर पत्राचा हा जुना रिवाज टीसीपी नावाने सगळ्या इंटरनेटवर चालतो. माझ्या मते यातली खरी हुशारी वेगात नाही. पावती येईपर्यंत आपली प्रत न सोडण्यात आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. खांब, टॉवर कोसळले. अनेक गावं कित्येक दिवस अंधारात आणि नेटवर्कविना होती. तारच नसेल तर पॅकेटची हुशारी काय कामाची? अशा वेळी माहिती उरते ती पाठवणाऱ्याच्या साठवणीत.

कुलाब्याच्या साठवणीचं मोल १४४ वर्षांनी कळलं. सप्टेंबर १८५९ मधल्या सौर वादळात अमेरिकेत बोस्टन ते पोर्टलंड तारयंत्र बॅटरी काढून, नुसत्या वादळाने तारेत उठवलेल्या प्रवाहावर चाललं होतं. त्याच वादळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून वहीत उतरवलेली चुंबकक्षेत्राची घसरण होती सुमारे १,६०० नॅनोटेस्ला. शास्त्रज्ञ त्सुरुतानी यांच्यासोबत गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी २००३ मध्ये त्या नोंदी जगापुढे आणल्या. लखिना आणि अलेक्स दोघंही भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. तिचं मुख्यालय आज नवीन पनवेलला, म्हणजे रायगडातच आहे.

इंटरनेट वाहणाऱ्या आजच्या समुद्राखालच्या केबलीत काच असते, तिला चुंबकत्वाची बाधा नाही. पण मंदावलेला प्रकाश पुन्हा उजळणाऱ्या यंत्रांना किनाऱ्यावरून हजारो व्होल्टची वीज पुरवावी लागते, तीही त्याच केबलीतल्या धातूच्या वाहकातून. सौर वादळ गाठतं ते तिथे.