दोन गाड्या, एक इंजिन

सकाळी सहा

हैदराबादच्या सुलतान बाजारातून गाडी बाहेर काढायची तर ती शटरं उघडायच्या आत. साडेदहानंतर इथं माणूसच कसाबसा पुढे सरकतो, पिकअप तर लांबच राहिली. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या भोवती वाढलेला हा बाजार बैलगाड्यांच्या मापाचा. इंग्रजांनी तो १९३३ साली निजामाला परत केला, २०२० च्या फेब्रुवारीपासून डोक्यावरून मेट्रो धावायला लागली, पण खालच्या गल्ल्यांची रुंदी होती तेवढीच राहिली. त्यात आमचा धंदा लग्नकार्यांना भांडी भाड्यानं द्यायचा. पातेली, घमेली, परातींची चळत, गॅसच्या शेगड्या. हे सगळं हातगाडीवर जात नाही.

म्हणून काकांनी गेली कित्येक वर्षं बोलेरो पिकअप ठेवलेली आहे. तिचा सांगाडा अजून ठणठणीत, पण इंजिन बसलं. बेअरिंग ठोकत होतं आणि ऑइलचा दिवा विझायचं नाव घेत नव्हता. क्रँक घासून घ्यावा, तर तो मागच्या दोन वेळच्या कामात तीस साइजपर्यंत गेलेला. त्यापुढे घासायला लोखंड उरत नाही. दुसरी पिकअप त्याच मॉडेलची, काकांनी ओळखीतून जुनी घेतलेली. तिचं इंजिन चांगलं, मात्र हौद्याचा पत्रा आणि केबिनची तळजमीन गंजून इतकी पातळ झाली होती की ड्रायव्हरला पायाखालचा रस्ता दिसायचा. तिला फिटनेस मिळायची आशा नव्हती. तेव्हा एकीचं काळीज दुसरीत घालायचं ठरलं.

हनुमान टेकडीच्या बाजूनं दोन्ही गाड्या निघाल्या. पुढे गंजलेली चालती, मागे धडधाकट बंद, मध्ये लोखंडी दांडा. दोराला काकांनी नकार दिला. ब्रेक लागला की मागची गाडी पुढचीत घुसते, हे त्यांचं कारण. दोन्ही पाट्यांवर अजून ‘एपी’ आहे. तेलंगण झाल्यावर नव्या गाड्यांना ‘टीएस’ आलं, २०२४ पासून ‘टीजी’ येतं. आमच्या दोघी संयुक्त आंध्राच्याच राहिल्या.

साडेसात

गॅरेज गोशामहलच्या बाजूला आहे. ह्या भागात जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, त्यामुळे मिस्त्रीही इथेच टिकून आहेत. आमचे उस्ताद साठीच्या पुढचे. त्यांनी हात बसवला तो ऑल्विन निस्सानच्या छोट्या ट्रकांवर. जहीराबादचा तो कारखाना पुढे महिंद्राकडे गेला. “कंपनी बदली, हम नै बदले,” असं ते म्हणतात. त्यांच्या हाताखाली देगलूरकडचा एक पोरगा आहे. उस्ताद त्याच्याशी दखनीत बोलतात, तो उत्तर देतो मराठीत, आणि दोघांचं काही अडत नाही.

मला वाटलं होतं, पोचलो की पाने बाहेर निघतील. उस्तादांनी आधी चहा मागवला, चालत्या गाडीचं इंजिन सुरू करून ठेवलं आणि स्टूल ओढून शेजारी बसले.

“पैले सुनो, बाद में खोलो.”

जवळजवळ पाऊण तास ते नुसते ऐकत होते. इंजिन गरम झालं तसं ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर तळहात धरला. तिथून धुराचा जोर आला तर रिंगा झिजल्या असं समजायचं. वाफेसारखा थोडा श्वास जाणवला, तेवढा चालतो. झाकणाच्या आतली बाजू बोटानं पुसून पाहिली. ती दुधाळ असती तर पाणी ऑइलमध्ये उतरलं असं निघालं असतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. मग एक्सलेटर एकदम दाबून सोडला आणि सायलेन्सरच्या धुराकडे पाहिलं. काळा आला आणि लगेच विरला. निळा आला असता तर इंजिन ऑइल जाळतंय असा अर्थ. शेवटी लांब पेचकसाचं टोक ब्लॉकवर टेकवून मूठ कानाशी लावली आणि चारही सिलिंडरांशी थांबत थांबत पुढे गेले.

“चलता,” एवढंच बोलले.

हा पाऊण तास ज्यांना फुकट गेलेला वाटतो, त्यांनी जुनं इंजिन विकत घेऊ नये. बाहेर काढून जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाला रंग मारता येतो, त्याचा आवाज मात्र तिथे ऐकायला मिळत नाही. गाडीत बसलेलं, चालतं इंजिन घेण्यात जो फायदा तो हाच.

साडेआठ ते साडेदहा

आधी बॅटरीची तार काढली. रेडिएटरचं पाणी आणि चेंबरमधलं ऑइल तसराळ्यात सोडलं. बोनेट उतरलं, पुढची जाळी, रेडिएटर, पंखा, होज पाइप गेले. मग सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डपासून सोडवायचा होता, आणि तिथे पोरगा अडला.

“उस्ताद, नट निघंना.”

“गरम कर. जोर नक्को.”

त्या नटांनी वर्षानुवर्षं ऊन, पाऊस आणि सायलेन्सरची धग खाल्लेली. पाना जोरानं ओढला तर स्टड मुळाशी तुटतो, मग ड्रिल मारून काढण्यात अर्धा दिवस जातो. पोरानं गॅसची ज्योत दिली, डिझेलचे दोन थेंब सोडले, नट पाव फेरा सैल केला, पुन्हा कसला, पुन्हा सैल केला. एका नटाला वीस मिनिटं.

डिझेलचे पाइप सुटले की त्यांची तोंडं चिंध्यांनी बंद केली. पंपात धुळीचा एक कण गेला तरी नोझल खराब होतात. वायरी सोडण्याआधी पोरानं मोबाइलवर फोटो काढले. उस्तादांचा फोटोंवर भरवसा नाही, त्यांनी प्रत्येक वायरीला रंगीत दोऱ्याची गाठ मारायला लावली. क्लचचा खालचा सिलिंडर पाइपासकट तसाच ठेवून तारेनं बाजूला टांगला. पाइप सोडला की ऑइल जातं, आणि नंतर एअर काढायचं एक काम वाढतं. सोडलेला बोल्ट शक्य तिथे त्याच भोकात दोन आटे फिरवून परत ठेवायचा, हा इथला नियम. ज्या गॅरेजात सगळे बोल्ट एकाच डब्यात पडतात तिथे मी गाडी देणार नाही.

अकरा

गिअर बॉक्सखाली जॅक लावला, बेल हाऊसिंगचे बोल्ट काढले. वरचे दोन हाताला लागत नाहीत, त्यांना लांब दांड्याची गोटी लागते. फाउंडेशनचे बोल्ट सुटले. गर्डरला लटकणाऱ्या चेन पुलीचा आकडा इंजिनाच्या साखळीत अडकवला आणि पोरगा हात हात साखळी ओढायला लागला. इंजिन आधी पुढे सरकलं पाहिजे, मगच वर. घाई करून वर घेतलं तर गिअरच्या शाफ्टवर सगळं वजन येतं आणि क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. उस्ताद एक हात ब्लॉकवर ठेवून फक्त बोटांनी खुणा करत होते.

दोन क्विंटलांवरचं ते ओझं बाहेर आलं आणि टायरवर टेकलं. त्यानंतर तसंच सगळं दुसऱ्या गाडीला. त्याबद्दल लिहायला काही नाही. मेलेल्या इंजिनाचे नट जिवंत इंजिनापेक्षा लवकर निघाले, इतकंच.

साडेबारा

दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी. ह्या क्षणी मी काम सोडून त्यांच्याकडे बघत बसलो, आणि त्याला कारण आहे. हे २५२३ सीसीचं इंजिन. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. मेट्रिकमध्ये हे आकडे विचित्र दिसतात. इंचात नेले की साडेतीन आणि चार, सरळ. कारण ह्याचं घराणं मोटारीचं नाहीच, ट्रॅक्टरचं आहे. १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर आणला. त्याच्या डिझेल इंजिनाचा स्ट्रोकही चार इंचच होता, व्यास किंचित कमी. पुढे तेच घराणं जीपमध्ये आलं, मोठं झालं, पिकअपमध्ये शिरलं. पेट्रोल महागल्यावर आपल्याकडे जीपची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवायची लाट आली होती. गॅरेजवाल्यांना इंजिन बदलायचा सराव झाला तो तेव्हापासून.

शेतात बिघडलं तर शेतातच उघडता यावं, अशा बेतानं बनलेल्या यंत्राचा हा वंश. डिझेल आणि हवा मिळाली की ते चालतं, वायरी मोजून चार-सहा. पुढे ह्याच २५२३ सीसीला कॉमन रेल आलं. धूर कमी झाला, ताकद वाढली, आणि ते हवंच होतं, सुलतान बाजाराच्या गल्लीत उभं राहून श्वास घेणाऱ्याला विचारा. पण आता इंजिनाबरोबर त्याचा कंट्रोल युनिट आणि वायरिंगचा सगळा हार्नेस जुळला पाहिजे, तेव्हा कुठे ते सुरू होतं. उस्ताद अशी कामं घेत नाहीत. पोरगा लॅपटॉपवरचं स्कॅनिंग शिकायला संध्याकाळी दुसरीकडे जातो, आणि उस्तादांना ते ठाऊक आहे.

दीड

उस्ताद नमाजला गेले. काकांनी घरून डबा आणला होता, ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी. पोराला बोलावलं तर आधी “नको मालक” म्हणाला, मग तीन भाकऱ्या खाल्ल्या.

अडीच ते पाच

दुपार क्लचपाशी गेली. इंजिन खाली आहे तोवर हात सहज पोचतो, म्हणून ज्या स्वस्त वस्तू पुढे महागात पडतात त्या आताच बदलायच्या. क्रँकचा मागचा ऑइल सील ही त्यातली पहिली. वस्तू छोटी, पण ती गळायला लागली की ऑइल क्लचवर येतं आणि सगळा गिअर बॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. मग पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, नवी प्लेट. फाउंडेशनचे रबर तडकलेले होते. ते आणायला पोरगा दुचाकीवर राणीगंजला गेला आणि दीड तासानं उगवला. दोष त्याचा नाही. आमच्या बाजूनं दुपारी सिकंदराबाद गाठून परत येणं म्हणजे तेवढंच.

तोवर उस्तादांनी मला प्लेट दाखवली. तिच्या मधल्या बोळक्याची एक बाजू लांब असते, ती गिअर बॉक्सकडे यायला हवी. उलटी बसली तर सगळं जोडून झाल्यावर कळतं की क्लच सुटतच नाही. प्लेट बरोबर मध्ये बसवायला त्यांच्याकडे कुठल्यातरी भंगार गिअर बॉक्सचा जुना शाफ्ट आहे. तो प्लेटमधून पायलट बेअरिंगमध्ये घालायचा, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे कसत जायचे आणि शाफ्ट बाहेर ओढायचा. सहज निघाला तर सेंटर बरोबर.

पाच

इंजिन पुन्हा पुलीवर, आता चांगल्या गाडीच्या तोंडाशी. शाफ्ट प्लेटमध्ये शिरला, बेल हाऊसिंग जवळ आलं, आणि दोन बोटं अंतर ठेवून थांबलं. काका म्हणाले, “बोल्ट लावून ओढून घ्या ना.”

“नक्को सेठ, कान टूटता.”

हाऊसिंगचे कान ओतीव असतात, बोल्टानं ओढले की तडकतात. उस्तादांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि पोराला क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवायला सांगितलं. शाफ्टचे दाते प्लेटच्या खाचांसमोर आले की अंतर आपोआप मिटतं. फिरव, हलव, जॅक पाव इंच खाली, पुन्हा फिरव. काका येरझाऱ्या घालत होते, कारण परवा लग्न आहे आणि भांडी अजून गुदामात. वीसेक मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज आला आणि दोन बोटांची फट नाहीशी झाली. बोल्ट हातानंच आत गेले.

साडेसहा

आता उलटा क्रम. सेल्फ, डायनमो, होज, रेडिएटर, दोऱ्यांच्या गाठी जुळवत वायरी. नवं ऑइल, नवा फिल्टर, पाणी. मग डिझेलची एअर काढायची. फिल्टरचा स्क्रू सैल करून पोरगा हातपंप दाबत राहिला. आधी फेस, मग फेस-डिझेल, मग नुसतं डिझेल. स्क्रू कसला. नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट सैल ठेवून सेल्फ मारला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या पाइपाशी डिझेल आलं, तिसऱ्याशी बुडबुडेच. तो पुन्हा सोडला, पुन्हा सेल्फ, पण आता बॅटरी दमली. दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून जोडली.

सव्वासातला इंजिन पकडलं. आधी तीन सिलिंडरांवर अडखळत, मग चौथा मिळाला. उस्तादांचं लक्ष आवाजाकडे नव्हतं, ते ऑइलच्या दिव्याकडे बघत होते. तो विझल्यावर म्हणाले, “अब पानी देखो,” आणि पुन्हा स्टूल ओढून बसले. रेडिएटरचं पाणी थोडं खाली गेलं, भरलं. फाउंडेशनच्या एका बाजूनं थरथर जास्त होती. इंजिन चालू ठेवूनच बोल्ट सैल केला, ते आपल्या जागी बसू दिलं आणि कसलं.

आठ

पोरानं ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासून स्वच्छ केला, त्यावर कागद धरून पेन्सिलनं छाप घेतली. हे काम मला इंजिनाइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि बहुतेक लोक ते टाळतात. आरसीवर जुना नंबर, गाडीत नवा. रस्त्यात कोणी तपासलं किंवा अपघातानंतर विमा मागायची वेळ आली तर गाडी चोरीची ठरायला एवढा फरक पुरतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली इंजिनातला फेरफार आरटीएच्या मंजुरीनं करून पुस्तकात नोंदवून घ्यावा लागतो. काकांनी अर्ज आधीच दिला होता. दुसऱ्या गाडीचं खरेदीचं बिल आणि आरसी त्याच फाइलमध्ये आहे. इंजिन कुठून आलं, हे कागदावर दिसायला हवं. ती दुसरी गाडी आता चालणार नाही, म्हणून कलम ५५ खाली तिची नोंदणी रद्द करायला चौदा दिवसांच्या आत कळवायचं आहे. ते काम काकांनी माझ्याकडे दिलं.

पावणेनऊला हिशेब सुरू झाला. मजुरीवर वाद नव्हता. वाद झाला तो मेलेल्या इंजिनावर. उस्तादांना ते भंगाराच्या भावानं हवं होतं, हेड आणि डिझेल पंपासकट. काका म्हणाले, ब्लॉक न्या, चेंबर न्या, पण पंप माझा, कारण नवीन इंजिनाचा पंप किती दिवस टिकेल ह्याची ग्यारंटी तुम्ही देत नाही.

“पंप की ग्यारंटी कौन देता सेठ?”

“म्हणूनच म्हणतोय.”

शेवटी पंप आणि सेल्फ आमच्याकडे, हेड आणि ब्लॉक त्यांच्याकडे असं ठरलं. पोरगा पंप सोडवायला बसला.