काँग्रेस रेडिओचा कारागीर : नरिमन प्रिंटर

ताम्रपट, सनदा व बखरी यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस बिनतारी यंत्राच्या लहरीचा आंकडा हें इतिहासाचें साधन म्हणून चमत्कारिक वाटेल. तथापि १९४२ च्या गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’च्या कारागिराचा माग काढूं लागल्यास तो आंकडा अस्सल कागदाइतकाच उपयोगीं पडतो.

हें केंद्र आपलें ठिकाण गुप्त ठेवी, परंतु ४२.३४ मीटर ही आपली लहर मात्र जाहीर करी. बिनतारी लहर सेकंदास सुमारें ३० कोटि मीटर जाते. त्या वेगास ४२.३४ नें भागिलें असतां सेकंदास सुमारें ७१ लक्ष कंपनें येतात. ७० लक्षांपासून पुढील हा ‘चाळीस मीटरचा’ पट्टा हौशी बिनतारीकारांचा होय. अर्थात् यंत्राच्या मागें एखादा जाणता हौशी मनुष्य असावा, असें अनुमान होतें. इतर पुराव्यावरूनही तेंच ठरतें.

हा मनुष्य नरिमन प्रिंटर. त्यांचें संकेतनाम ‘व्हीयू २ एफयू’ असून ते मुंबईंत तंत्रशिक्षणाची संस्था चालवीत. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी लोकांचे परवाने रद्द करून यंत्रें स्वाधीन करण्यास फर्माविलें. प्रिंटर यांनीं तरीही ‘आझाद हिंद रेडिओ’ चालविला. तो बंद पाडण्यांत आला. पुढें ९ ऑगस्ट १९४२ रोजीं पुढारी पकडले गेल्यावर उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी प्रभृति तरुणांनीं गुप्त केंद्र काढण्याचें ठरविलें, तेव्हां यंत्र जुळविण्याचें काम प्रिंटर यांजकडे आलें. चौपाटीपासून आरंभ करून केंद्राच्या जागा वारंवार बदलण्यांत येत.

नोव्हेंबरांत प्रिंटर पोलिसांच्या हातीं लागले व त्यांनीं जागा दाखविली. १२ नोव्हेंबर रोजीं गिरगांवांतील पारेख वाडींत छापा पडला. खटल्यांत प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले. १९४३ सालीं खाकर यांस पांच, उषा मेहता यांस चार व झवेरी यांस एक वर्षाची शिक्षा झाली. मे १९४४ मध्यें महात्मा गांधी सुटकेनंतर विश्रांतीसाठीं जुहूस राहिले, तेव्हां उषा मेहता कारागृहांतच होत्या.

यंत्र जोडणारा व जागा दाखविणारा पुरुष एकच. त्यास केवळ देशभक्त म्हणणें किंवा केवळ फितूर म्हणून चरित्रांतून वगळणें, हीं दोन्हीं आम्हांस इतिहासदृष्ट्या सदोष वाटतात. यंत्रावांचून वाणी नव्हती, आणि साक्षीमुळें माणसें तुरुंगांत गेलीं. दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं मांडिल्या पाहिजेत.

या केंद्राचीं भाषणें आज वाचावयास मिळतात तीं मुख्यतः पोलिसांनीं ऐकून उतरून घेतलेल्या टिपणांमुळें. तीं प्रतिपक्षाचीं टिपणें होत, व साक्ष माफीच्या मोबदल्यांत दिलेली आहे. म्हणून दोहोंचा उपयोग ताडून पाहूनच करावा. लहरीचा आंकडा मात्र कोणासही गणितानें तपासतां येतो.

हौशी बिनतारीकारांच्या घरीं जुन्या नोंदवह्या, परवाने व परस्परांस पाठविलेलीं पोंचकार्डें असतात. रद्दी समजून तीं टाकूं नयेत. सनदांप्रमाणेंच त्यांचाही संग्रह व्हावा, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.