गोटीच्या सोड्याची बाटली

आपल्या माळ्यावर किंवा परसातल्या कचऱ्यात जाड, हिरवट काचेची, मानेत गोटी अडकलेली एखादी बाटली पडली असेल, तर ती भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहा.

मागल्या वर्षी कल्याणचा माझा एक विद्यार्थी अशी बाटली घेऊन आला. त्याच्या पणजोबांचा सोड्याचा लहानसा कारखाना होता. डोंबिवलीच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तिचे शंभर रुपये देऊ केले होते. "सर, बाबा म्हणतात देऊन टाक. पत्रे गळताहेत. देऊ का?"

मी म्हटले, आधी ती काय आहे ते तरी बघू या.

ही युक्ती हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाची, १८७२ सालची. साधे बूच वाळले की सोड्यातला वायू निसटून जाई. कॉडने बाटलीतच गोटी ठेवली. बाटली भरून झाली की आतल्या वायूच्या दाबानेच गोटी तोंडातल्या रबरी कड्यावर घट्ट बसते. ओतताना ती पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून मानेत दोन खळगे असतात.

आता वय कसे ओळखावे? पुष्कळ लोक सांगतात, काचेत बुडबुडे दिसले की वस्तू जुनी. हे खरे नव्हे; आजही हाताने केलेल्या काचेत बुडबुडे राहतात. साध्या बाटलीत साच्याची शिवण ओठांपर्यंत गेली असेल तर ती बहुधा यंत्राची, म्हणजे अलीकडची. पण गोटीच्या बाटलीला ही कसोटी लावू नका. गोटी आत टाकल्यावर तिचे तोंड पुन्हा तापवून आवळतात, त्यामुळे नव्या बाटलीतही शिवण तिथे पुसली जाते. हिरवट रंगही वाळूतल्या लोखंडाचा, वयाचा नव्हे! बुडाची झीज मात्र बोलते. वर्षानुवर्षे पेटीत घासलेल्या बुडावरचे ओरखडे वेडेवाकडे असतात. कोणी मुद्दाम घासले असेल तर ते एकाच दिशेचे दिसतात.

सर्वात भरवशाची खूण म्हणजे उठावाची अक्षरे. कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा, पुसट अक्षरेही उठतात. कारखान्याचे नाव कळले की काळाची एक हद्द मिळते. कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा काच कारखाना १९१६ सालचा; तेव्हा कंदिलाच्या काचेवर ते नाव असेल तर ती काच त्याआधीची असूच शकत नाही. आमच्या बाटलीवर रोमन अक्षरांत पणजोबांचे आडनाव उमटले, आणि खाली 'कल्याण'.

मोल ठरते ते यावरच. कोऱ्या बाटल्या उदंड आहेत. गावाचे नाव असलेली, गोटी शाबूत आणि ओठ न टवकलेली थोडी. (गोट्यांसाठी पोरांनी किती फोडल्या असतील!) निळी किंवा तपकिरी काच आणखी विरळा. धुवायची तर साध्या पाण्याने धुवा, आम्ल लावू नका. आणि एकाच्याच भावावर विसंबू नका, दोघा-तिघांना विचारा.

विद्यार्थ्याने तो कागद व्यापाऱ्याला दाखवला. त्याने तिथल्या तिथे पाचशे म्हटले! म्हणजे अक्षरे त्याने पहिल्याच दिवशी वाचली होती. वडिलांनी बाटली परत आणली. ते अजून दोन ठिकाणी विचारणार आहेत. चांगला भाव आला तर विकतील. त्यालाही माझी हरकत नाही, पावसाळा तोंडावर आहे. पेन्सिलीचा तो कागद मात्र मुलाने वहीत जपून ठेवला आहे.