बेल काढली, तरी पाहुणा आत!

प्रोस्टेटचा विषय निघाला की चारचौघांत आवाज आपोआप खाली जातो. आपण जरा मोठ्याने बोलू. अक्रोडाएवढ्या या ग्रंथीत कर्करोग झाला, की तिथल्या पेशी सतत ‘वाढा, वाढा’ असा हुकूम ऐकत असतात. हुकूम आणणारी प्रथिनं म्हणजे ग्रोथ फॅक्टर.

सापाची कृपा. 1950च्या दशकात अमेरिकेत रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन मज्जातंतू वाढवणाऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे अशाच एका ग्रोथ फॅक्टरच्या, मागे लागले होते. (रीटाबाई युद्धकाळात इटलीत झोपायच्या खोलीत, शिवणाच्या सुयांनी प्रयोग करायच्या!) नमुन्यातला नको तो भाग पचवायला कोहेननी सापाचं विष घातलं, तर विषातच ते प्रथिन ठासून भरलेलं. विषाची ग्रंथी म्हणजे सापाची लाळग्रंथीच. मग उंदराची का पाहू नये? पाहिली. तिचा अर्क टोचल्यावर उंदराच्या पिल्लांनी वेळेआधीच डोळे उघडले. हा उद्योग दुसऱ्याच ग्रोथ फॅक्टरचा निघाला: ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर). 1986चं नोबेल दोघांना मिळालं.

आपलाच हुकूम, आपलीच तामिली. डीयू-145 या पेशी 1970च्या दशकात एका रुग्णाच्या मेंदूत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगातून घेतल्या. त्या आजही प्रयोगशाळांत वाढतात. त्यांना बाहेरच्या हुकमाची फारशी गरज नाही, ग्रोथ फॅक्टर त्या स्वतःच बनवतात. पेशीच्या दारावरची ईजीएफची बेल औषधाने बंद केली, की त्यांची वाढ मंदावते.

पण... हाडात पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगातून घेतलेल्या पीसी-3 पेशींत पीटेन नावाचा ब्रेकच गायब. बेल वाजो न वाजो, आतला हुकूम चालूच. ईजीएफची बेल बंद करणारं जेफिटिनिब फुप्फुसाच्या काही कर्करोगांत कामाला आलं. प्रोस्टेटच्या रुग्णांत मात्र फुसका बार.

सी-सॉ. पुरुषी हार्मोन तोडलं की हा कर्करोग ओसरतो, हे चार्ल्स हगिन्सनी 1941मध्ये दाखवलं. पण 1994मध्ये इन्सब्रुकच्या संशोधकांना दिसलं, की काही ग्रोथ फॅक्टर हार्मोनशिवायही हार्मोनचं कुलूप उघडतात. पुढे आणखी गंमत कळली: पीटेन गेलेल्या गाठीत वाढीचा मार्ग दाबला की हार्मोनचा वर येतो, हार्मोनचा दाबला की वाढीचा. म्हणून आता दोन्ही टोकं एकदम दाबायचे प्रयत्न सुरू आहेत.

तेव्हा ‘प्रोस्टेटच्या पेशींची वाढ रोखते’ म्हणत कुणी पूड विकायला आला, तर एवढंच विचारा: बशीतल्या पेशींची, की माणसातल्या?