पुस्तिकेत नसलेली फंक्शने

संगणकावरील काही खेळांत आपण स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीने बदल करू शकतो. त्यासाठी ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेली ‘लुआ’ ही भाषा बरीच वापरतात. लुआत सर्वत्र उपलब्ध असलेली नावे एका सारणीत असतात. ती छापून पाहिली, की माहितीपुस्तिकेत नसलेली फंक्शनेही त्यात सापडू शकतात.

पण नुसत्या नावावरून काय कळणार? आपण मुद्दाम काहीच न देता फंक्शनला हाक मारू. ‘पहिल्या जागी संख्या हवी होती’ अशी तक्रार आली, तर चुकीनेच एक धागा दिला! मग एका वेळी एकच संख्या बदलून परिणाम नोंदवायचा. (जतन केलेल्या खेळाची प्रत आधी काढावी, ती बिघडू शकते.)

अशा फंक्शनविषयी निर्मात्याने कसलीच हमी दिलेली नसते. पुढील आवृत्तीत ते काढले, तर आपली आज्ञावली तिथेच अडते. म्हणून हाक मारण्यापूर्वी ते नाव सारणीत आहे ना, हे आज्ञावलीलाच तपासायला लावावे.