वारणाकाठचा मुक्काम : सराई, धर्मशाळा आणि डाक बंगला

वारणानगर हे नाव सहकारी साखर कारखान्याबरोबर रूढ झाले. वारणा नदी मात्र त्याच्या फार पूर्वीपासून सीमारेषा आहे. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन छत्रपतींच्या राज्यांची हद्द तिच्या पात्रावर ठरली. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि उत्तरतीर इंग्रजी अमलाखाली गेले. दक्षिणेस १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थान राहिले.

अशा सीमेवर टपालगाडीचे घोडे बदलणारी आणि पैसे घेऊन जेवूखाऊ घालणारी सराई असावी, अशी अपेक्षा पाश्चात्त्य कादंबऱ्यांच्या वाचकास साहजिकच वाटेल. मराठी शब्दसंग्रहाची साक्ष निराळी आहे. सराई हा शब्द फारसी. अजिंठ्याच्या घाटाखाली फर्दापूर येथे मोगलकालीन सराई उभी आहे. पण सराई चालविणाऱ्या माणसाचे नाव मराठीत रुळले नाही. हिंदीत तो भटियारा. याच कुळातील भटारखाना मराठीत आला तो केवळ स्वयंपाकघर या अर्थाने. (भट या शब्दाशी त्याचा संबंध लोक जोडतात, वस्तुतः तो भट्टीशी आहे.) म्हणजे चूल आली, चालक आला नाही.

त्याची जागा धर्मशाळेने घेतली होती. येथे खर्च दात्याचा, पुण्यही त्याचेच. प्रवाशाने शिधा बरोबर आणावा व आपले अन्न आपण शिजवावे. सोवळ्याओवळ्याच्या समाजात परक्याच्या हातचे अन्न विकत घेणे अनेकांस रुचणारे नव्हते. डाक बंगला पुढे इंग्रजी अमलात आला, तो प्रामुख्याने अंमलदारांसाठी. टप्पा हा शब्द मात्र डाकेच्या दोन ठाण्यांमधील वाटचालीपासून चेंडूच्या उसळीपर्यंत सर्वत्र सुखाने नांदतो.

धर्मशाळा या नावातील ‘धर्म’ सर्वांच्या वाट्यास येत नसे. अस्पृश्य गणलेल्या वाटसरूस सामान्यतः तिच्या बाहेरच रात्र काढावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ च्या हुकुमाने संस्थानातील सार्वजनिक विहिरी, इमारती व धर्मशाळा यांत अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा तशाच आशयाचा ठराव संमत झाला तो १९२३ मध्ये. त्यातही पाणवठ्यांबरोबर धर्मशाळांचा स्पष्ट उल्लेख आहे. मधली चार वर्षे नदीच्या दक्षिणतीरी कागदोपत्री उघडे असलेले दार उत्तरतीरी कागदावरही उघडलेले नव्हते. प्रत्यक्षात ते किती उघडले, हे १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्यावर दिसून आले.